वाचकांचे प्रश्न : इंधनातले गंधक आणि झिओलाइट

प्रश्न : तेलशुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोल-डिझेलमधील गंधक काढण्यासाठी झिओलाइट उत्प्रेरक वापरतात, असे वाचनात आले. ही क्रिया नेमकी कशी घडते? दख्खनच्या काळ्या पाषाणात, आमच्या सावद्याच्या परिसरातही, झिओलाइटाचे सुंदर स्फटिक सापडतात. ते या कामी का वापरले जात नाहीत?
— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, जळगाव

उत्तर : आपण जे वाचले ते अर्धे खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा असल्यामुळे तेथूनच सुरुवात करतो. जगभरच्या कारखान्यांत डिझेलमधले गंधक काढण्याचे मुख्य काम झिओलाइट करत नाही. ते काम कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, किंवा निकेल आणि मॉलिब्डेनम, या धातूंच्या सल्फाइडांचे उत्प्रेरक करतात. हे सल्फाइड सच्छिद्र ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) बारीक दांड्यांवर पसरलेले असतात. या दांड्यांनी भरलेल्या उंच पोलादी पात्रातून डिझेल आणि हायड्रोजन एकत्र सोडतात. तापमान साधारण ३२० ते ३८० अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या तीस ते शंभर पट असतो. तेथे गंधक आणि कार्बन यांच्यातला बंध तुटून गंधक हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने बाहेर पडते आणि मोकळ्या झालेल्या कार्बनला हायड्रोजन मिळतो. कारखान्यातील मंडळी या संयंत्राला ‘हायड्रोट्रीटर’ म्हणतात. डिझेलसाठीच्या संयंत्राचे ‘डीएचडीटी’ हे आद्याक्षरी नाव आपल्याकडे अधिक रुळले आहे.

झिओलाइटाची गरज कोठे लागते, हे कळण्यासाठी हायड्रोट्रीटर कोठे अडतो ते पाहावे लागेल. कच्च्या तेलातले गंधक एकाच प्रकारच्या रेणूंत नसते. मरकॅप्टन आणि सल्फाइड या वर्गांतल्या संयुगांत ते कार्बनच्या साखळीत सैलसर गुंफलेले असते व सहज सुटते. थायोफीन, बेंझोथायोफीन आणि डायबेंझोथायोफीन यांत ते कड्याचाच एक भाग असते, आणि कड्यांची संख्या वाढत जाते तसतसे ते काढणे कठीण होते. या सर्वांत हट्टी म्हणून ओळखला जाणारा रेणू म्हणजे ४,६-डायमिथिल डायबेंझोथायोफीन. त्याच्या गंधकाच्या अणूच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा पुंजका) असतो. गाभाऱ्याच्या दारात दोन धष्टपुष्ट भक्त उभे राहिले, की मूर्ती दिसते पण हात पोचत नाही, तशी उत्प्रेरकाची अवस्था होते. गंधक समोर असूनही धातूच्या सल्फाइडाला त्याच्याशी सरळ संपर्क साधता येत नाही. मग आधी एखादे बेंझीनचे कडे हायड्रोजनने भरून रेणूचा सपाटपणा मोडावा लागतो आणि नंतरच गंधक सुटते. हा वळसा वेळखाऊ असतो व त्यात हायड्रोजनही अधिक खर्च होतो.

डिझेलमध्ये बरेच गंधक चालत होते तोवर या हट्टी रेणूंकडे दुर्लक्ष करता येत असे. वाहनांच्या प्रदूषणावर मर्यादा घालणाऱ्या ‘भारत स्टेज’ मानकांपैकी स्टेज ३ मध्ये डिझेलच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅम गंधकाला मुभा होती, स्टेज ४ मध्ये ती ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज ६ मध्ये केवळ १० राहिली. स्टेज ५ ओलांडून आपण थेट सहाव्यावर गेलो. दहा मिलिग्रॅमची मर्यादा गाठायची, तर मागे उरलेल्या या हट्टी रेणूंचा बंदोबस्त केल्याशिवाय गत्यंतर नसते. दोन टक्के गंधक असलेल्या एक टन कच्च्या तेलात २० किलो गंधक असते, आणि स्टेज ६ च्या एक टन डिझेलमध्ये जास्तीत जास्त १० ग्रॅम. एवढ्या खोल शुद्धीकरणाचा आग्रह धरण्याचे मुख्य कारण वाहनांच्या धुराड्यातील उत्प्रेरक व काजळी अडवणारे गाळणे हे आहे, कारण गंधकामुळे त्यांची कार्यक्षमता खालावते.

झिओलाइट उपयोगी पडू शकते ते या टप्प्यावर. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची त्रिमितीय जाळी. तिच्यातील पोकळ्या आणि खिडक्या अगदी ठरावीक मापाच्या असतात. जाळीत जेथे ॲल्युमिनियम असते तेथे एक ऋण प्रभार शिल्लक राहतो, आणि तो फेडण्यासाठी सोडियमऐवजी हायड्रोजनचा आयन बसवला, की ते स्थान तीव्र आम्लधर्मी बनते. असे आम्लकेंद्र त्या अडवून बसलेल्या मिथिल गटाला कड्यावरच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवू शकते, किंवा दुसऱ्या रेणूच्या गळ्यात घालू शकते. मिथिल बाजूला झाला, की शेजारच्या धातूच्या सल्फाइडाला गंधक गाठता येते. म्हणून ॲल्युमिनाच्या आधारात थोडे वाय प्रकारचे झिओलाइट मिसळण्याचे प्रयोग गेली अनेक वर्षे होत आले आहेत. यात गंधक काढणारा धातूचा सल्फाइडच असतो आणि झिओलाइट त्याची वाट मोकळी करून देते.

ही कल्पना कागदावर जितकी देखणी आहे तितकी ती पात्रात सरळ चालत नाही. तीव्र आम्लकेंद्र मिथिल सरकवते तसेच डिझेलच्या साखळ्याही तोडते, त्यामुळे डिझेलचा काही भाग नॅफ्था (पेट्रोलसारखा हलका द्रव) आणि वायू होऊन हातचा जातो, आणि कोकचा, म्हणजे घट्ट कार्बनचा, थर साचून छिद्रे बुजतात. डिझेलमधील काही नायट्रोजनयुक्त संयुगे अल्कधर्मी असतात. ती आम्लकेंद्रांना घट्ट बिलगून बसतात आणि मिथिलची पाळी येण्याआधीच जागा अडवतात. शिवाय वाय झिओलाइटाची खिडकी अवघी ०.७४ नॅनोमीटर रुंद असते, तर नेहमीच्या ॲल्युमिनाची छिद्रे तिच्या दहापट मोठी असतात. तीन कड्यांच्या अंगावर दोन मिथिल गट असलेल्या रेणूला अशा खिडकीतून आत शिरणे जिकिरीचे होते. झिओलाइटात मुद्दाम मोठे बोगदे पाडून ही अडचण कमी करता येते, पण मग निर्मितीचा खर्च वाढतो. अशा मिश्र उत्प्रेरकांना माझ्या मते साहाय्यकाचीच जागा शोभते. कारखान्याला डिझेल किंचित हलके झालेले चालणार असेल तेथेच त्यांचा विचार व्हावा.

झिओलाइटाचा खरा दरारा आहे तो शेजारच्या संयंत्रात, म्हणजे ‘कॅट क्रॅकर’मध्ये. जड तेलाचे तुकडे करून पेट्रोल मिळवणाऱ्या या संयंत्रात १९६० च्या दशकाच्या आरंभी मोबिल कंपनीच्या चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांनी झिओलाइट उत्प्रेरक आणला, आणि त्याआधीचा अस्फटिक सिलिका-ॲल्युमिना पाहता पाहता मागे पडला. तेथे हायड्रोजन बाहेरून दिला जात नाही. साधारण ५०० ते ५५० अंशांना काही सेकंदांत साखळ्या तुटतात, आणि त्या ओघात तेलातल्या गंधकाचा मोठा हिस्सा आपोआप हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतो. मरकॅप्टन आणि सल्फाइड तर सरळ तुटतात. थायोफीन मात्र तसा तुटत नाही. त्याला आधी आजूबाजूच्या रेणूंकडून हायड्रोजन मिळून तो टेट्राहायड्रोथायोफीन व्हावा लागतो, आणि मग त्याचे कडे उघडते. ही हायड्रोजनची देवघेव झिओलाइटाच्या आम्लकेंद्रांवर चालते, त्यामुळे येथे त्याला गंधक काढणारा उत्प्रेरक म्हणणे पूर्णपणे रास्त आहे. दुर्दैवाने उलटा प्रवासही घडतो. सुटलेला हायड्रोजन सल्फाइड पेट्रोलमधल्या ओलेफिनांशी (कार्बनचे दुहेरी बंध असलेल्या साखळ्यांशी) पुन्हा संयोग पावून मरकॅप्टन आणि थायोफीन तयार करतो. क्रॅकरमधून निघणारे पेट्रोल म्हणूनच गंधकाच्या बाबतीत बदनाम असते. कारखान्याच्या एकूण पेट्रोलमधले बहुतांश गंधक या एका प्रवाहातून येते.

ते काढण्यासाठी पेट्रोल हायड्रोट्रीटरमध्ये घातले, तर दुसरेच संकट उभे राहते. हायड्रोजन गंधकाबरोबर ओलेफिनांनाही संपृक्त करून टाकतो, आणि ओलेफिन गेले की ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात खटखट न करता जळण्याच्या पेट्रोलच्या गुणाचे माप, घसरतो. यावर दोन मार्ग निघाले. पहिल्यात पेट्रोलचे हलका आणि जड असे दोन भाग करतात. ओलेफिन मुख्यतः हलक्या भागात असतात व थायोफीनवर्गी गंधक जड भागात, त्यामुळे कडक उपचार फक्त जड भागावर करता येतो, आणि उत्प्रेरकही ओलेफिनांना शक्यतो न दुखावणारा निवडतात. दुसरा मार्ग मोबिलने काढला. गंधक आणि ओलेफिन दोन्ही जाऊ द्यायचे आणि पुढच्या थरात झिओलाइट ठेवायचे, म्हणजे ते कमी ऑक्टेनच्या सरळ साखळ्या निवडून तोडते व गमावलेला ऑक्टेन अंक परत मिळवून देते. झेडएसएम-५ या झिओलाइटाची खिडकी साधारण ०.५५ नॅनोमीटरची असल्यामुळे सरळ साखळी आत जाते आणि फांद्या फुटलेली, चांगल्या ऑक्टेनची साखळी बाहेर राहते. त्याची किंमत पेट्रोलचा काही अंश वायूत गमावून चुकवावी लागते. पहिला मार्गच अधिक रूढ झाला, आणि ते स्वाभाविक होते, कारण विकता येणारे द्रव इंधन वायूत घालवणे कोणत्याही कारखान्याला रुचत नाही.

हायड्रोजनच्या दाबाखाली जड तेल तोडणाऱ्या ‘हायड्रोक्रॅकर’मध्येही वाय झिओलाइट असते, पण तेथे त्याच्या आधीच्या थरांत निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक ठेवून गंधक आणि विशेषतः नायट्रोजन आधीच काढून घेतात. हा क्रम आम्लकेंद्रे शाबूत राहावीत म्हणून असतो.

आता सावद्याच्या स्फटिकांविषयी. जळगाव, नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतील बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांना जगभरच्या संग्राहकांत मान आहे, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते जवळून पाहता येतात. (त्यांच्याबरोबर आढळणारे ॲपोफायलाइट दिसायला त्यांच्याच घरातले वाटले, तरी ते झिओलाइट नव्हे.) कारखान्याला मात्र ते उपयोगाचे नाहीत. त्यांच्या खिडक्या वाय झिओलाइटाच्या तुलनेत अरुंद आहेत. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट तापवले, की पाणी निघून जाऊन त्यांची जाळी ढासळते, आणि कॅट क्रॅकरच्या पुनरुज्जीवन पात्रात तर सुमारे ७०० अंशांना वाफेचा मारा सोसावा लागतो. शिवाय ते पोकळ्यांत विखुरलेले असतात, आणि प्रत्येक पोकळीगणिक त्यांची शुद्धता बदलते. वाय झिओलाइटाचा नैसर्गिक सगोत्र म्हणजे फॉजासाइट, आणि तो निसर्गात फार दुर्मीळ आहे. म्हणून उत्प्रेरकासाठी लागणारे झिओलाइट सोडियम सिलिकेट आणि सोडियम ॲल्युमिनेट यांच्या अल्कधर्मी द्रावणातून तापवलेल्या पात्रात स्फटिक वाढवून बनवतात. या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव खडकामुळे झाले नसले, तरी प्रयोगशाळेमुळे झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात ‘एन्सिलाइट’ या मालिकेतील झिओलाइट उत्प्रेरक विकसित झाले, आणि ते झायलीनच्या निर्मितीत प्रत्यक्ष वापरले गेले. त्यांचा गंधकाशी संबंध नव्हता, पण झिओलाइट देशात बनवून कारखान्यात चालवता येते हे त्यांनी सिद्ध केले.

प्रश्न : हायड्रोजन, उच्च दाब आणि उच्च तापमान यांच्याशिवाय, केवळ झिओलाइटात शोषून डिझेलमधले गंधक काढता येईल का? आमच्या प्रकल्पासाठी हा विषय निवडण्याचा विचार आहे.
— रासायनिक अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : येते, आणि प्रयोगशाळेत ते उत्तम प्रकारे साधले आहे. मिशिगन विद्यापीठातील राल्फ यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कामात वाय झिओलाइटातील सोडियमच्या जागी एकसंयुजी (एकच धन प्रभार असलेले) तांबे किंवा चांदी यांचे आयन बसवले होते. तांब्याचा असा आयन थायोफीनच्या कड्यातील पाय इलेक्ट्रॉनांशी (कड्यावर पसरलेल्या सैल इलेक्ट्रॉनांशी) एक मध्यम बळाचा बंध जोडतो. हा बंध साध्या शोषणापेक्षा घट्ट असतो, पण तापवून सोडवता येण्याइतका सैलही असतो. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला त्यांनी बाजारातील डिझेलचे गंधक दशलक्ष भागांत ४३० वरून ०.२ पेक्षाही खाली आणले, आणि एका ग्रॅम शोषकामागे ३४ घनसेंटीमीटर स्वच्छ डिझेल मिळाले.

हा शेवटचा आकडा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असे मी सुचवेन. एक लिटर डिझेलमागे सुमारे २९ ग्रॅम शोषक लागतो, म्हणजे १२,००० लिटरच्या एका टँकरमागे साधारण ३५० किलो. रोज दहा हजार टन डिझेल काढणाऱ्या कारखान्याला याच हिशेबाने दररोज सुमारे ३५० टन शोषक भरून पुन्हा रिता करावा लागेल. त्याने एका ग्रॅममागे धरलेले गंधक भरते जेमतेम १२ मिलिग्रॅमच्या आसपास. हा शोषक फेकून द्यायचा नसतो हे खरे, पण त्याचे पुनरुज्जीवन करताना तो हवेत तापवावा लागतो. त्या वेळी तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते द्विसंयुजी होते, आणि त्याला पुन्हा एकसंयुजी करण्यासाठी निष्क्रिय वायूत तापवण्याची आणखी एक पायरी येते. जळून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडची व्यवस्था वेगळी करावी लागते, ती निराळीच.

त्याहून कठीण गोष्ट निवडीची आहे. डिझेलमध्ये गंधकाची संयुगे दशलक्षात काही शे असतात, तर साधी ॲरोमॅटिक (बेंझीनसारखी कडी असलेली) संयुगे शेकडा वीस-तीस असू शकतात, आणि त्यांच्याकडेही पाय इलेक्ट्रॉन असतातच. तांब्याला थायोफीन अधिक प्रिय असले, तरी गर्दी पाहता ॲरोमॅटिक रेणू बऱ्याच जागा पटकावतात. डिझेलमध्ये पाण्याचा अंश असेल तर अवस्था आणखी बिकट होते, कारण आयन बसवलेल्या अशा झिओलाइटाला पाण्याची ओढ जबरदस्त असते. प्रयोगशाळेत हेप्टेन किंवा ऑक्टेनमध्ये थायोफीन विरघळवून केलेल्या चाचण्यांचे निकाल अनेकदा डोळे दिपवणारे येतात, ते त्या द्रावणात ना बेंझीन असते ना पाणी म्हणून. आपण मार्गदर्शकांशी बोलून निदान काही चाचण्या पेट्रोल पंपावरच्या खऱ्या डिझेलवर कराव्यात. मिळणारे आकडे लहान असतील, पण परीक्षकांसमोर टिकतील.

मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली शोषणपद्धत झिंक ऑक्साइड आणि निकेल यांची आहे. अमेरिकेच्या फिलिप्स कंपनीने विकसित केलेले ‘एस झोर्ब’ हे तंत्र चीनच्या सायनोपेकने २००७ मध्ये विकत घेतले आणि तेथे पेट्रोलसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात गंधकाचा अणू रेणूतून उपटून झिंक सल्फाइडात अडकवला जातो आणि बाकीचा रेणू पेट्रोलमध्येच राहतो. यांग यांच्या पद्धतीत अख्खा रेणूच शोषकावर राहतो, म्हणजे गंधकाबरोबर थोडे इंधनही जाते. शिवाय ‘एस झोर्ब’लाही हायड्रोजन आणि उष्णता लागतेच.

तरीही तांबे-झिओलाइटाला योग्य जागा आहे. इंधनघटासाठी द्रव इंधनापासून जागेवरच हायड्रोजन तयार करायचा झाल्यास गंधक दशलक्षात एका भागाहूनही खाली लागते, कारण तेवढेही गंधक घटातल्या उत्प्रेरकाला बाधते. तेथे इंधन थोडे आणि शुद्धता टोकाची असते, त्यामुळे एक लहानसे बदलता येणारे नळकांडे पुरते. आपल्या प्रकल्पाची दिशा ही ठेवली तर ‘कारखान्याला पर्याय’ असा दावा करण्याची गरज राहणार नाही. हायड्रोजन टाळण्याची आपली मूळ इच्छा मात्र सार्थ आहे. नैसर्गिक वायूपासून एक टन हायड्रोजन बनवताना ९ ते १० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा हिशेब स्वच्छ डिझेलच्या खात्यावर सहसा मांडला जात नाही.

प्रश्न : काढलेले एवढे गंधक जाते कोठे? आम्ही माहुलच्या कारखान्यांजवळ राहतो, म्हणून विचारतो.
— एक गृहिणी, चेंबूर

उत्तर : हायड्रोट्रीटर आणि क्रॅकर यांतून निघालेला हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायू आहे. तो अमाइन या अल्कधर्मी रसायनाच्या द्रावणात धरून वेगळा करतात आणि ‘सल्फर रिकव्हरी युनिट’मध्ये पाठवतात. तेथे कार्ल फ्रीडरिख क्लाउस यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीची सुधारित आवृत्ती चालते. वायूचा एक-तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, त्याचा उरलेल्या दोन-तृतीयांशाशी ॲल्युमिनाच्या थरावर संयोग घडवतात, आणि पिवळे वितळलेले गंधक मिळते. दोन-तीन टप्प्यांनंतरही काही टक्के वायू उरतो आणि तो धुराड्यातून न सोडता पुन्हा पकडण्यासाठी शेपटाकडे आणखी एक संयंत्र लागते. आपल्या भागातील हवेच्या दृष्टीने या शेवटच्या संयंत्राचे महत्त्व पहिल्याइतकेच आहे.

मुंबई हायचे तेल गंधकाच्या बाबतीत सौम्य आहे, पण आता देशाच्या गरजेचे पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होते. त्यात आखाती तेलाचा वाटा मोठा, आणि ते बहुतेक ‘आंबट’, म्हणजे गंधकबहुल असते. भारतात मूलद्रव्य गंधकाचे म्हणण्याजोगे नैसर्गिक साठे नाहीत, त्यामुळे देशात तयार होणारे गंधक मुख्यतः या कारखान्यांतूनच येते. त्याचा सर्वांत मोठा भाग सल्फ्युरिक आम्लासाठी व त्यामार्गे फॉस्फेट खतांसाठी जातो. गंधकाची आणखी दोन गिऱ्हाइके आपल्या ओळखीची आहेत. साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, आणि नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार भुरी रोगावर गंधकाची फवारणी करतात.

प्रश्न : इतके गंधक काढतात, तर स्वयंपाकाच्या गॅसला वास कशाचा येतो?
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : गंधकाचाच. गॅस सिलिंडरमध्ये भरण्यापूर्वी त्यातील हायड्रोजन सल्फाइड अमाइनने आणि मरकॅप्टन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने काढलेले असतात. नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणात याच कामी १३-एक्स हे झिओलाइट वापरतात. त्याची खिडकी मरकॅप्टनाचे रेणू आत घेण्याइतकी रुंद असते आणि ते पाणीही त्याच फेरीत शोषून घेते. अशा प्रकारे स्वच्छ झालेला गॅस जवळजवळ निर्गंध होतो, आणि गळती कळली नाही तर स्फोटाचा धोका असतो. म्हणून त्यात ईथाइल मरकॅप्टन अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळतात. अब्जावधी रेणूंत त्याचे मोजके रेणू असले तरी आपल्या नाकाला ते कळतात. कारखान्यातील मूळ मरकॅप्टन कोणत्या प्रकारचे व किती असतील हे तेलागणिक बदलते, तर मिसळलेल्याचे प्रमाण ठरलेले असते, आणि म्हणूनच आधी सर्व काढून मग एकच परत घालणे सोयीचे पडते.